दुबईत मराठी मंडळी उभी करायची असेल तर

गेल्या महिन्यात संगमनेरकडच्या एका तरुण जोडप्याचा फोन आला. त्याला दुबईत नोकरी लागली होती आणि तिकडे मराठी मंडळी, म्हणजे मराठीत उपासना करणारा ख्रिस्ती समूह, सुरू करायची, असं दोघांनी विमानात बसायच्या आधीच ठरवलं होतं. "ताई, पहिल्या रविवारी काय करायचं?" मी म्हटलं, पहिला रविवार राहू दे, पहिले सहा महिने काहीच सुरू करू नका. त्याचा आवाज उतरला. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मी नगरची. नर्सिंग मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकले आणि 2004 ते 2023 दुबईत नोकरी केली. आमची मराठी उपासना पाच जणांनी सुरू झाली, त्यातल्या दोघी माझ्याच वॉर्डातल्या. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही, कधी उपदेशही केला नाही. पेटी वाजवली, चहा केला आणि वही सांभाळली. त्या वहीच्या भरवशावर सांगते.

त्या सहा महिन्यांत तिथल्या मान्यताप्राप्त चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसा. दुबईत बिगर-मुस्लिम उपासनेच्या जागा ठरलेल्या आहेत. मुख्य दोन आवारं ऊद मेथा आणि जेबेल अली इथली. ऊद मेथाला मेट्रोचं स्टेशनच आहे. तिथलं कॅथलिकांचं सेंट मेरीज 1967 सालचं, शेख रशीद यांनी दिलेल्या जमिनीवर बांधलेलं. जवळच अँग्लिकनांचं होली ट्रिनिटी आहे. त्याच्या आवारात मल्याळी, तमिळ, तेलुगू, उर्दू, फिलिपिनो अशा कितीतरी मंडळ्या तासांच्या हिशोबानं एकाच छताखाली उपासना करतात. एकीची शेवटची प्रार्थना चालू असताना दुसरी दाराबाहेर चपला काढत असते. तुम्हालाही असंच छत हवं. त्यासाठी आधी तिथल्या पाळकांनी तुम्हाला ओळखायला हवं, तुमच्या गावच्या पाळकाचं पत्र त्यांच्या हाती पडायला हवं. आम्हाला पहिला तास मिळायला अकरा महिने लागले, तोही रात्री साडेआठचा.

घरात भरवू नका. आम्ही ही चूक केली. पहिल्या नाताळाला दुबईच्या करामा भागातल्या एका फ्लॅटमध्ये तीस माणसं जमली, टाळ घुमले, शेजाऱ्यानं तक्रार केली आणि वॉचमन वर आला. घरमालकानं दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबाला बोलावून समज दिली. निभावलं, पण त्या बाईचा चेहरा मी विसरलेले नाही. व्हिसा त्यांचा, पोरांची शाळा त्यांची आणि उत्साह आमचा.

कायदा नीट समजून घ्या. अमिरातीत मुस्लिम व्यक्तीचं मन वळवून धर्म बदलायला लावणं हा गुन्हा आहे. रस्त्यावर, मॉलमध्ये, बसमध्ये पत्रकं वाटायची नाहीत. 2015 साली तिथे धर्माचा अवमान आणि धर्मावरून द्वेष पसरवणं याविरुद्ध कायदा झाला. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे साक्ष देताना, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव चारचौघांत सांगताना, आपल्या किंवा वाडवडिलांच्या जुन्या दैवतांना नावं ठेवायची काहींना सवय असते. तिथे ती महागात पडेल. कायदा नसता तरी मी ती थांबवायला लावली असती. मजुरांच्या कॅम्पातल्या खोलीत आपल्या पोराच्या वरच्या बंकवर साताऱ्याचा गडी उशाशी पांडुरंगाचा फोटो ठेवून झोपतो आणि आपलं पोर तापानं फणफणलं की रात्रभर तोच जागतो. त्याच्या श्रद्धेबद्दल वाकडा शब्द काढून कुठली सुवार्ता सांगणार?

मग मंडळी कोणाची? जे आधीच प्रभूचे आहेत, पण घरापासून तुटले आहेत, त्यांची. माझ्या वहीत पहिल्या वर्षी बावीस नावं होती: नगर, जालना, कोल्हापूर, नागपूर. बहुतेक जण इंग्रजी उपासनेला जायचे, पण प्रार्थना करायची वेळ आली की गप्प. आईच्या मरणाची बातमी फोनवर ऐकलेला माणूस इंग्रजीत रडत नाही. एवढ्यासाठीच मराठी मंडळी हवी. दुसऱ्या मंडळीची माणसं ओढायला निघाला असाल तर निघूच नका. कोण मनानं एकटं आहे ते शोधा.

गाण्यांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आमची मंडळी गाण्यांनी उभी राहिली. इंग्रजी चालीवर बसवलेली भाषांतरित गीतं सुरुवातीला ठेवू नका. आपल्याकडे ना. वा. टिळकांची भजनं आहेत. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं अभंगाची वाट सोडली नाही, उलट आपल्या प्रभूला त्याच वाटेनं घरी आणलं. त्यांच्याही आधी नगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पेटी, तबला, टाळ एवढं पुरे. टाळ गावाहून न्या, तिथे मनासारखे मिळाले नाहीत. पेटी एसीतून काढून थेट ऑगस्टच्या दमट हवेत नेऊ नका, स्वर बिघडतात. आमचे दोन बिघडले आणि पुढच्या सुट्टीत कोणी मुंबईला नेईपर्यंत ते टाळूनच गायलो. मुलांना बोली येते पण देवनागरी वाचता येत नाही, म्हणून पडद्यावर प्रत्येक ओळ रोमन लिपीतही द्या. जाणत्यांना हे खटकतं, मलाही खटकलं होतं. पण कोपऱ्यात मोबाइल बघत बसणारी पोरं त्या ओळींमुळे पुढे येऊन गाऊ लागली.

वाराचं गणित समजून घ्या. पूर्वी सगळं शुक्रवारी असायचं. 1 जानेवारी 2022 पासून सरकारी आठवडा बदलला: शुक्रवारी अर्धा दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. आम्ही आनंदानं उपासना रविवारी नेली आणि दोन महिन्यांत निम्मी माणसं दिसेनाशी झाली. खाजगी कंपन्या आपापल्या सोयीनं सुट्टी देतात, नर्सेसना तर ड्युटी लागेल ती. शेवटी महिन्यातून दोन शुक्रवार संध्याकाळ आणि दोन रविवार असं केलं. आधी प्रत्येकाला सुट्टी कधी ते विचारा, मग वार ठरवा.

पैशाच्या बाबतीत एक पाऊलही मनानं टाकू नका. मिरजेकडचा एक जण हृदयविकारानं गेला. शव घरी पाठवायचं म्हणून आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन केलं, एका रात्रीत पाच हजारांहून जास्त दिरहम जमले. आम्हाला तास देणाऱ्या यजमान चर्चच्या पाळकांना कळलं तेव्हा ते घाबरेघुबरे होऊन आले. परवाना नसलेल्या कोणीही देणग्या गोळा करणं तिथे बेकायदा आहे, 2021 च्या संघराज्य कायद्यानं तर नियम आणखी आवळले. पैसे ज्याचे त्याला परत केले, खर्चाचं काम वकिलातीशी आणि कंपनीशी बोलून झालं. तेव्हापासून अर्पण फक्त यजमान चर्चच्या पेटीत, त्यांच्याच पावतीवर.

आता सेवा. शहराच्या कडेला सोनापूर नावाची मजुरांची मोठी वस्ती आहे. मुंबईच्या माणसाला ते नाव ऐकून चर्र होतं, आपल्याकडे सोनापूर म्हणजे स्मशान. तिथे जायचं तर कॅम्पच्या व्यवस्थापनाची परवानगी घेऊन, बायबल न उघडता जा. आम्ही रक्तदाब मोजायचो, पायाच्या जखमा बघायचो, घरी पैसे पाठवायचे फॉर्म भरून द्यायचो. 1960 साली पॅट आणि मॅरियन केनेडी हे अमेरिकन मिशनरी डॉक्टर दांपत्य शेख झायेद यांच्या निमंत्रणावरून अल ऐनला आलं. अमिराती हा देशही तेव्हा नव्हता. बाळंतपणात आया आणि लेकरं दगावत होती, त्यांनी ते काम हाती घेतलं. त्यांनी उभं केलेलं रुग्णालय आजही चालू आहे. त्या देशात ख्रिस्ती माणसाबद्दल जो आदर आहे, त्याच्या मुळाशी अशी बाळंतपणं आहेत. आपण त्या आदरावर जगतो, त्यात भर घालता आली तर घाला.

बाप्तिस्म्यावरून भांडण होणार हे धरून चाला. कोणी सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कोणी मेथडिस्ट, कोणी पेंटेकॉस्टल. तान्ह्या बाळाचा की जाणत्याचा, हा वाद आम्ही मराठी मंडळीत सोडवायलाच घेतला नाही. ज्यानं त्यानं आपल्या मूळ चर्चच्या रीतीनं घ्यावा, प्रभुभोजन यजमान पाळकांच्या हातून. तीन कुटुंबं तरीही सोडून गेली. त्यांचा निरोप प्रार्थना करून दिला, नावं वहीतून खोडली नाहीत.

आणि पहिल्याच वर्षी आपल्या जागी माणूस तयार करायला घ्या. तिथे कोणीच कायमचं नसतं, व्हिसा संपतो. नगरचं अमेरिकन मिशन 1831 चं. पुढे 1854-55 साली त्यांच्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन भारतात आले. मंडळीनं आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण उचलावा, आपली साक्ष आपण पसरवावी, हा त्यांचा आग्रह होता. माझ्या पणजोबांच्या गावातली मंडळी देशी पाळकाच्या हाती आली ती त्याच विचारातून. म्हणून गावाकडच्या चर्चकडे किंवा परदेशी संस्थेकडे पगारी पाळक मागू नका. मंडळीचा कारभार पाहणारे दोन वडील निवडा, एक बाई असू द्या, दर वर्षी एक बदला.

मी निघायच्या आधी आठ महिने पेटीच्या कपाटाची किल्ली जालन्याच्या एका मुलीकडे दिली. पहिल्या दोन उपासनांना ती उशिरा आली, कपाट बंद आणि आम्ही बाहेर. मी किल्ली परत मागितली नाही. टाळांवर गायलो. तिसऱ्या वेळी आम्ही पोचलो तेव्हा पेटी मांडलेली होती आणि ती वहीत नावं लिहीत बसली होती.