मेलबॉक्स भाड्याने देणाऱ्यांसाठी : भाड्याची आठवण आणि विलंब शुल्क यांची घडी कशी बसवावी

मुंबईत मेलबॉक्स, म्हणजे आपल्या नावाचे टपाल स्वीकारून सांभाळणाऱ्या दुकानातला कप्पा, भाड्याने घेणारा ग्राहक बहुधा आपला पत्ता टिकत नाही म्हणून आलेला असतो. अकरा महिन्यांच्या करारावर अंधेरी-ओशिवऱ्याच्या परिसरात घर बदलत राहणारे कलावंत आणि तंत्रज्ञ, पुनर्विकासासाठी चाळ रिकामी करून तात्पुरत्या जागेत राहायला गेलेली कुटुंबे, महिनोन्महिने जहाजावर असणारे मर्चंट नेव्हीतले लोक, विरार किंवा बदलापूरला घरातून ऑनलाइन माल विकणारे पण टपालासाठी शहरातला पत्ता हवा असणारे छोटे उद्योजक, अशी ही मंडळी असतात. भाडे थकण्याचे मूळही बहुतेक वेळा याच अस्थिरतेत असते. मोबाइल क्रमांक बदललेला असतो, ईमेल उघडलेला नसतो किंवा जहाज किनाऱ्यापासून दूर असते. पैसे बुडवण्याच्या हेतूने थकवणारे थोडे, विसरणारे पुष्कळ. म्हणून वसुलीची व्यवस्था विसरणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून उभारावी आणि बुडवणाऱ्यांसाठी तिच्या शेवटी एक स्पष्ट, लेखी मार्ग ठेवावा.

तारीख आणि मुदत आधी ठरवावी

दरमहा भाडे घेणे या व्यवसायात परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. महिना सहाशे रुपयांच्या कप्प्यासाठी वर्षातून बारा वेळा बिल, बारा वेळा आठवण आणि बारा वेळा जमाखर्च करावा लागला, तर त्या श्रमांतच भाड्याचा मोठा वाटा खर्ची पडतो. त्यामुळे भाडे किमान तिमाहीचे आगाऊ घ्यावे आणि वर्षाचे एकदम भरणाऱ्यास थोडी सूट द्यावी. जहाजावर जाणाऱ्या ग्राहकाकडून तो रुजू होण्यापूर्वीच त्या संपूर्ण कालावधीचे भाडे घ्यावे आणि घरच्या एका जबाबदार व्यक्तीचा संपर्क लेखी संमतीसह नोंदवून ठेवावा.

देय तारीख महिन्याच्या एक तारखेला ठेवू नये. नोकरदारांचा पगार महिनाअखेरीपासून सात तारखेपर्यंत केव्हाही होतो, त्यामुळे दहा तारीख ही सर्वांना झेपणारी तारीख ठरते. सर्व ग्राहकांची तिमाही एकाच दिवशी सुरू केली तर हिशेब सोपा होतो, पण आठवणीचे सगळे काम एकाच आठवड्यात अंगावर येते. दुकान एकट्याने चालवत असाल तर ग्राहकांचे दोन गट करावेत आणि एका गटाची देय तारीख दहा, तर दुसऱ्याची पंचवीस ठेवावी. मधल्याच दिवशी आलेल्या नव्या ग्राहकाकडून पुढच्या तिमाहीपर्यंतच्या दिवसांचे भाडे प्रमाणात घेऊन त्याला आपल्या चक्रात आणावे.

विलंब शुल्क किती आणि कसे

विलंब शुल्काचा उद्देश भाडे वेळेवर यावे आणि उशिरामुळे वाढलेल्या कामाचा खर्च निघावा, एवढाच असावा. ते उत्पन्नाचे साधन मानले की आकारणी वाढत जाते आणि ग्राहक तुटतो. कायद्याची भूमिकाही हीच आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळू शकते. लिहिलेली रक्कम ही केवळ कमाल मर्यादा असते. म्हणजे सहाशे रुपयांच्या भाड्यावर दोन हजारांचा दंड करारात छापून ठेवला म्हणून तो वसूल करता येईलच असे नाही.

आकारणीच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. टक्केवारीची पद्धत लहान भाड्याला निरुपयोगी आहे, कारण अठराशे रुपयांच्या तिमाहीवर दरमहा दोन टक्के म्हणजे छत्तीस रुपये होतात आणि त्यात दोन फोनचे श्रमही भरून निघत नाहीत. दिवसाला दहा रुपये ही पद्धत वरकरणी सौम्य वाटते, पण चार महिने समुद्रावर असलेल्या माणसाच्या नावे ती बाराशे रुपये चढवते आणि परतल्यावर पहिली भेट भांडणानेच होते. लहान कप्प्यांसाठी ठरावीक रकमेचे शुल्क सर्वांत समजण्याजोगे आहे. देय तारखेनंतर सात दिवस सवलतीचे द्यावेत, आठव्या दिवशी शंभर रुपये लावावेत, तिसाव्या दिवशी आणखी शंभर लावावेत आणि एका तिमाहीतील एकूण विलंब शुल्क एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कधीही अधिक होऊ देऊ नये. शुल्कावर पुन्हा शुल्क लावू नये. मोठ्या मासिक रकमा देणाऱ्या कंपन्यांसाठी मात्र टक्केवारी योग्य ठरते.

तुमची जीएसटी नोंदणी असेल तर विलंब शुल्कावरही कर लागतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम २०१७ च्या कलम १५ नुसार उशिरा भरण्याबद्दल घेतलेले व्याज, शुल्क किंवा दंड हा मूळ सेवेच्या मूल्याचाच भाग मानला जातो. त्यामुळे मूळ सेवेवर १८ टक्के कर असेल तर शुल्कावरही तोच दर लागतो. अठराशे रुपयांच्या तिमाहीचे बिल करासह २,१२४ रुपये होते आणि शंभर रुपयांचे शुल्क करासह ११८ रुपये, म्हणून आठव्या दिवशी ग्राहकाला सांगायची रक्कम २,२४२ रुपये असते. दिलासा देणारी बाब अशी की या शुल्कावरील कराची जबाबदारी ते शुल्क प्रत्यक्ष हाती आल्याच्या तारखेला निर्माण होते. जे शुल्क तुम्ही माफ केले आणि जे कधी मिळालेच नाही, त्यावर कर भरावा लागत नाही. अनामत रकमेचेही असेच आहे: ती परत करण्याच्या अटीवर ठेवलेली असेपर्यंत सेवेचा मोबदला ठरत नाही, पण थकलेल्या भाड्यापोटी वळती केली की ती मोबदला ठरते.

हे सर्व नियम करारात तर असावेतच, पण प्रत्येक बिलाच्या तळाशीही दोन ओळींत यावेत. सही करताना कोणी सहा पाने वाचत नाही. बिल मात्र बहुतेक जण पाहतात.

आठवण केव्हा आणि कोणत्या शब्दांत

पहिला संदेश देय तारखेच्या पंधरा दिवस आधी बिलासह जावा आणि दुसरा तीन दिवस आधी. संदेशात कप्प्याचा क्रमांक, कालावधी, करासह रक्कम, शेवटची तारीख आणि भरण्याची पद्धत या पाच गोष्टी असल्या म्हणजे ग्राहकाला उलट विचारावे लागत नाही. उदाहरणार्थ: ‘नमस्कार. आपल्या मेलबॉक्स क्रमांक ४२ चे जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे भाडे करासह २,१२४ रुपये १० जुलैपर्यंत जमा करावे, ही विनंती. बिल सोबत जोडले आहे. भरणा करताना शेऱ्यात ४२ हा क्रमांक लिहावा.’ देय तारीख उलटल्यावर तिसऱ्या दिवशी जाणारा संदेशही असाच सौम्य असावा: ‘आपल्या मेलबॉक्स क्रमांक ४२ चे भाडे अद्याप आमच्या खात्यात जमा झालेले दिसत नाही. १७ जुलैपर्यंत ते मिळाल्यास विलंब शुल्क लागणार नाही. आपण भरणा केला असल्यास व्यवहार क्रमांक कळवावा.’ यातले शेवटचे वाक्य कधीही गाळू नये, कारण चूक आपल्या नोंदीत असण्याची शक्यता ते मोकळी ठेवते.

चौथी आठवण फोनवरच करावी. सवलतीचे दिवस संपण्याच्या आदल्या दिवशी, कामकाजाच्या वेळेत केलेला एक फोन चार संदेशांपेक्षा अधिक काम करतो, कारण क्रमांक बंद झाला आहे, माणूस रुग्णालयात आहे किंवा कंपनीच बंद पडली आहे, हे फोनवरच कळते. फोनवर ठरलेली गोष्ट लगेच लेखी संदेशाने पक्की करावी: ‘आपल्या बोलण्यानुसार २२ जुलैला भरणा अपेक्षित आहे.’ थकबाकीची माहिती ग्राहकाच्या शेजाऱ्याला, कार्यालयातील सहकाऱ्याला किंवा दुकानातील फलकावर देऊ नये. ती ग्राहकाची खासगी बाब आहे आणि ती जपणे हा तुमच्या व्यवसायाचाच भाग आहे.

साधन कोणते वापरावे, यावर फार खल करण्याची गरज नाही. शंभरेक कप्प्यांपर्यंत व्हॉट्सॲप बिझनेस आणि एक एक्सेल तक्ता पुरतो. मोठ्या प्रमाणावर व्यावसायिक एसएमएस पाठवायचे असतील तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा मसुदा डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत आधी नोंदवावा लागतो. जे ग्राहक तयार असतील त्यांच्यासाठी यूपीआय ऑटोपे ही सर्वांत चांगली सोय आहे. पहिल्यांदा संमती दिल्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतची ठरलेली रक्कम दर वेळी पिन न टाकता वळती होते आणि त्याची पूर्वसूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी मिळते.

एक सावधगिरी आवर्जून घ्यावी. भाड्याच्या आठवणीच्या नावाखाली फसवे संदेश पाठवणे सोपे असते. म्हणून खाते उघडतानाच ग्राहकाला लेखी कळवावे की आपला यूपीआय पत्ता किंवा बँक खाते केवळ संदेशाद्वारे कधीही बदलले जाणार नाही.

आठवण पाठवण्यापूर्वीचा ताळमेळ

ज्याने पैसे भरले आहेत त्याला थकबाकीचा संदेश जाणे, ही या कामातील सर्वांत महाग चूक आहे. आठवणी पाठवण्याच्या दिवशी सकाळी बँकेचे विवरण उतरवून प्रत्येक जमा रक्कम कप्प्याच्या क्रमांकाशी जुळवावी आणि मगच यादी काढावी. यूपीआयने आलेली रक्कम अनेकदा पत्नीच्या, भावाच्या किंवा भागीदाराच्या नावाने येते. अशा वेळी नावावर विसंबून न राहता बारा अंकी व्यवहार क्रमांक मागून घ्यावा आणि तक्त्यात कायमचा नोंदवावा. कंपनी ग्राहकाने उद्गम कर (टीडीएस) कापून कमी रक्कम भरली असेल तर ती तफावत थकबाकी नव्हे. तिच्यावर विलंब शुल्क लावू नये. कापलेला कर आपल्या खात्यात दिसतो की नाही, एवढे पाहावे.

तक्त्यात कप्पा, ग्राहक, कालावधी, रक्कम, देय तारीख, जमा तारीख आणि व्यवहार क्रमांक यांबरोबरच ‘शेवटचा संपर्क’ आणि ‘माफी’ असे दोन स्वतंत्र रकाने असावेत. माफीचा नियम एकदाच ठरवावा आणि सर्वांना सारखा लावावा: वर्षातून एकदा, मागितल्यास, कारण नोंदवून. मुसळधार पावसाने लोकल बंद पडल्या आणि काउंटरवर रोख किंवा धनादेश देणारे ग्राहक पोहोचू शकले नाहीत, तर त्या दिवसांची मुदत सर्वांसाठी आपण होऊन वाढवावी. ती माफीत धरू नये.

धनादेश न वटल्यास बँकेने प्रत्यक्ष आकारलेला खर्च वेगळा दाखवून मागावा, तो विलंब शुल्कात मिसळू नये. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अधिनियमाच्या कलम १३८ खाली जायचे असेल तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर भरण्यासाठी १५ दिवस असतात आणि ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार करावी लागते. दोन-अडीच हजारांसाठी हा मार्ग सहसा धरू नये, पण तारखा तक्त्यात असाव्यात.

कंपनी ग्राहकांच्या बाबतीत उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, उपयोग होतो. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु सेवा देणाऱ्याचे पैसे करारात कितीही मुदत लिहिली तरी ४५ दिवसांपलीकडे थांबवता येत नाहीत आणि लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची असते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) अधिनियमानुसार त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. आठवणीच्या पत्रात या तरतुदीचा एका वाक्यात उल्लेख केला तरी लेखा विभागाकडून उत्तर लवकर येते.

टपाल अडवू नये

भाडे थकले की टपाल रोखून धरण्याचा मोह होतो, आणि येथेच सर्वाधिक विवेक हवा. त्या कप्प्यात जीएसटी कार्यालयाची नोटीस असेल, न्यायालयाचे समन्स असेल, बँकेचे नवे कार्ड किंवा पासपोर्ट असेल. शंभर रुपयांच्या शुल्कापायी एखाद्याची उत्तर देण्याची मुदत टळली, तर त्याचे नुकसान भाड्याच्या कित्येक पट होते. करार अधिनियमाच्या कलम १७१ मध्ये सर्वसाधारण थकबाकीपोटी वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क बँका, फॅक्टर (दुसऱ्याचा माल विकून देणारे अडते), धक्केवाले (बंदराच्या धक्क्यावर माल सांभाळणारे), उच्च न्यायालयातील वकील आणि विमापत्र दलाल यांना दिला आहे. टपाल सांभाळणारा त्या यादीत नाही. तसा स्पष्ट करार असल्याशिवाय त्याला तो हक्क सांगता येत नाही. तसा करार करता येत असला, तरी मी तो करण्याचा सल्ला देणार नाही.

त्याऐवजी सोयी टप्प्याटप्प्याने थांबवाव्यात. तिसाव्या दिवसापासून टपाल स्कॅन करून पाठवणे, घरपोच कुरिअर करणे आणि नवे पार्सल स्वीकारणे बंद करावे. पत्रे मात्र स्वीकारत राहावे, नोंदवावे आणि ग्राहक ओळखपत्रासह आला तर द्यावे. सरकारी किंवा न्यायालयीन पाकीट आल्यास थकबाकी असली तरी त्याच दिवशी कळवावे. पंचेचाळिसाव्या दिवशी स्पीड पोस्टने आणि ईमेलने अंतिम पत्र पाठवावे. त्यात एकूण रक्कम, भरण्यासाठी आणखी १५ दिवस, आणि न भरल्यास करार कोणत्या तारखेला संपेल, हे लिहावे. हा पत्ता ग्राहकाने जीएसटी नोंदणीत किंवा कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय म्हणून दाखवला असेल, तर तो त्या तारखेपूर्वी बदलून घेण्याची सूचनाही याच पत्रात असावी, कारण नंतर चौकशीला येणारा अधिकारी तुमच्याच दारात उभा राहतो.

करार संपल्यानंतर आलेले टपाल न उघडता, ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा मारून पोस्टमनकडे किंवा कुरिअरवाल्याकडे परत द्यावे. आधीचे जमा टपाल करारात लिहिलेल्या मुदतीपर्यंत, किमान ९० दिवस, यादी करून बंद पाकिटात ठेवावे. अनामत रकमेतून थकलेले भाडे, शुल्क आणि किल्ली परत न आल्यास कुलूप बदलण्याचा खर्च वजा करून उरलेली रक्कम ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता त्याच्या खात्यात परत करावी आणि हिशेबाचा कागद त्याच दिवशी पाठवावा.