काळ्या गाडीवर मशीन पॉलिश मारताना होलोग्राम कसे टाळायचे
रोटरी मशीन (पॅड एकाच जागी गरगर फिरवणारं) आणि लोकरीचा पॅड वापरला की उन्हात बॉनेटवर ते हलणारे पट्टे, म्हणजे होलोग्राम, बहुतेक वेळा दिसतातच, म्हणून शेवटचा हात तरी डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड फिरवता फिरवता डोलवणारं), मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने मारा. आधी गाडी धुवून क्ले बार, म्हणजे रंगावरची चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, फिरवा, नाहीतर चिकटलेली घाणच पॅडखाली घासत बसेल. काम सावलीत, पत्रा गार असताना. दीड-दोन फुटाचाच चौकोन घ्या, पॅड सपाट ठेवा, हात सावकाश, प्रत्येक फेरी आधीच्या अर्ध्या पट्ट्यावरून. पॅड दर पॅनलनंतर ब्रशने साफ करायचा, इथेच सगळे आळस करतात राव. आणि चकाचक दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका, पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं, पाणी मिसळलेल्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून टॉर्च तिरका मारून बघा.