स्वॅब तपासणीत यंत्र वाजले तर: विमानप्रवाशांसाठी मार्गदर्शन

एक्स-रे यंत्रातून बाहेर आलेली बॅग पट्ट्यावरून बाजूला घेतली जाते. हातमोजे घातलेला जवान पांढऱ्या, कापडासारख्या कागदाची बोटभर पट्टी, म्हणजे स्वॅब, बॅगेच्या मुठीवरून, चेनच्या टोकावरून आणि आतल्या लॅपटॉपवरून फिरवतो, ती शेजारच्या यंत्राच्या फटीत सरकवतो आणि काही सेकंद पडद्याकडे पाहत उभा राहतो. बहुतेक वेळा हिरवी खूण उमटते आणि बॅग परत मिळते. एखाद्या वेळी मात्र पडदा लाल होतो, यंत्र वाजते, आणि आयुष्यात लवंगी फटाकाही न फोडलेल्या माणसाचे हातपाय गार पडतात. तसे होण्याचे कारण नाही; पण त्यासाठी ते यंत्र नेमके काय पाहते हे आधी समजून घ्यायला हवे.

मार्च १९९३ मधील मुंबईच्या बॉम्बस्फोटांनंतर आरडीएक्स हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला. या स्फोटकाची हवेत जवळजवळ वाफच होत नाही, त्यामुळे नुसती हवा हुंगून यंत्राला तो सापडणे फार कठीण असते. त्याचे सूक्ष्म कण मात्र बोटांना, कापडाला आणि प्लॅस्टिकला चिकटून राहतात व हाताळणाऱ्याच्या स्पर्शाने पसरतात. म्हणून हवा नव्हे, पृष्ठभाग पुसून घेतला जातो. यंत्रात गेलेली पट्टी तापवली जाते आणि तिच्यावरील कणांची वाफ होते. त्या वाफेतील रेणूंना विद्युतभार देऊन, म्हणजे त्यांचे आयन करून, त्यांना एका नळीत सोडतात, जिथे विद्युतक्षेत्र त्यांना पुढे ओढते आणि समोरून येणारा कोरडा वायू त्यांना अडवतो. लहान, आटोपशीर आयन लवकर पोहोचतात, मोठे व पसरट मागे रेंगाळतात. हा सारा प्रवास काही मिलिसेकंदांचा असतो, आणि यंत्र मोजते ती केवळ ही वेळ. या पद्धतीला आयन मोबिलिटी स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात. स्फोटकांचे रेणू प्रामुख्याने ऋणभारित आयन बनवतात, तर कोकेन, हेरॉइन यांसारखे अमली पदार्थ धनभारित. म्हणून दोन्ही भार तपासणारे यंत्र एकाच पट्टीवरून दोहोंचा शोध घेऊ शकते. त्याला नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग, एवढाही अंश पुरतो.

या वर्णनातून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र ‘तुमच्याकडे स्फोटक आहे’ असे म्हणत नाही. ‘माझ्या यादीतील अमुक पदार्थाला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ घेणारे काहीतरी या पट्टीवर आहे’, एवढेच ते सांगते. निर्णय पुढच्या तपासणीत माणूस घेतो.

साध्या, कायदेशीर वस्तूंमुळेही यंत्र वाजू शकते. हृदयविकाराचे रुग्ण जिभेखाली ठेवतात ती नायट्रोग्लिसरीनची गोळी आणि डायनामाइटमधील नायट्रोग्लिसरीन रासायनिकदृष्ट्या एकच आहे. ग्लिसरीन असलेली हाताची क्रीम, फटाक्यांची दारू आणि नायट्रेटयुक्त खते हीसुद्धा नेहमीची कारणे आहेत. शेतकरी कुटुंबांनी यातले शेवटचे विशेष लक्षात ठेवावे. माझ्या मामांची नाशिककडे द्राक्षबाग आहे आणि ते ठिबकमधून १३-०-४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, देतात. खताच्या गोण्यांशेजारी महिनाभर पडून असलेली बॅग झटकून ते थेट विमानतळावर गेले आणि स्वॅब लाल आला. अधिकाऱ्याने विचारल्यावर मामा घाबरले. आधी म्हणाले ‘बॅग नवी आहे’, मग म्हणाले ‘मुलाची आहे’, आणि खताचे नाव निघायला अर्धा तास गेला. खरे उत्तर पहिल्याच वाक्यात आले असते, तर तपासणी झाली असतीच, पण संशय वाढला नसता.

म्हणून यंत्र वाजल्यावर जागेवर थांबावे, बॅगेला हात लावू नये, हात पुसू नयेत आणि प्रश्नांची थोडक्यात, खरी उत्तरे द्यावीत. बॅग कोणी भरली, ती कुठे ठेवलेली होती, अलीकडे खत, फटाके किंवा औषध हाताळले का, हे मनात आधीच स्पष्ट असावे. लाल निकालानंतर यंत्राला स्वतःला स्वच्छ करून घ्यावे लागते. मागचा अंश नळीतून पूर्ण गेला याची खात्री होईपर्यंत कोरी पट्टी घालून पाहावी लागते आणि मगच दुसरा नमुना घेता येतो. प्रवाशाला जो वेळ ‘उगाच उभे केले’ असा वाटतो, त्यातला बराचसा इथे जातो. त्यानंतर बॅग उघडून पाहतात व अंगझडती घेतात. महिलांची झडती महिला कर्मचारीच आडोशाला घेतात. ‘बॉम्ब नाही हो त्यात’ अशी थट्टा चुकूनही करू नये. तिथे ती थट्टा म्हणून ऐकली जात नाही. ही कठोरता अनुभवातून आली आहे. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान सामानातील बॉम्बने पडल्यानंतर, १९८७ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्युरो हा स्वतंत्र विभाग झाला, आणि डिसेंबर १९९९ च्या कंदाहार विमान अपहरणानंतर २००० सालापासून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली.

बॅग भरताना एक्स-रेचाही विचार करावा. त्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे आणि या दोहोंच्या मधले पदार्थ हिरवे दिसतात. अडचण अशी की आपला फराळही सेंद्रियच आहे. बेसनाच्या लाडवांचा गच्च भरलेला डबा हा पडद्यावर एक दाट नारिंगी ठोकळा असतो, आणि त्यावर चार्जरच्या वायरींचे भेंडोळे ठेवले, तर तपासणाऱ्याने बॅग उघडली नाही तरच नवल. डबे आणि वायरी वेगवेगळ्या ठेवाव्यात, खाद्यपदार्थ वरच्या बाजूला पारदर्शक पिशवीत असावेत आणि सांगितल्यास लॅपटॉप ट्रेमध्ये स्वतंत्र ठेवावा. नव्या सीटी यंत्रांत बॅगेचे त्रिमितीय चित्र फिरवून पाहता येते, त्यामुळे ही कटकट हळूहळू कमी होईल.

तपासणीसाठी हुंगणारा कुत्रा असेल तर त्याला गोंजारू नये, खाऊ देऊ नये. तो कामावर असतो.

अमली पदार्थांच्या बाबतीत सामान्य प्रवासी अडकतो तो बहुधा औषधांमुळे. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि झोपेच्या काही गोळ्या अनेक देशांत नियंत्रित आहेत. भारतातही ट्रॅमाडॉल २०१८ पासून १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरील नियंत्रणाच्या, कायद्याखाली येते. अशा गोळ्या सुट्या डबीत न भरता मूळ पाकिटातच ठेवाव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी हँडबॅगेत असावी. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधे नेण्यासाठी तेथील आरोग्य खात्याची परवानगी आधीच घ्यावी लागते. अधिकाऱ्यांकडील रासायनिक किटमध्ये रंग बदलला, तरी तो प्राथमिक संकेतच असतो. खात्री प्रयोगशाळेत होते. पण तोवर विमान निघून गेलेले असते.

दिवाळीत आखाती देशांतल्या मुलांना फराळ पाठवणाऱ्यांनी अनारसे मात्र बाजूला काढावेत. त्यांना लावलेली खसखस हे अफूच्याच झाडाचे बी आहे. बोंडातला चीक लागून बियांवर मॉर्फिनचा अंश राहू शकतो, आणि अमिरातीत खसखशीवरच बंदी आहे. चिवडा, चकली, शंकरपाळे निर्धास्त द्यावेत. अनारसे मुले घरी आली की तळावेत.