मॅग्नम रायफल: खांद्याआधी कान सांभाळा

आजोबांची थ्री सेव्हन्टी-फाइव्ह मॅग्नम, म्हणजे जोरदार काडतुसाची रायफल, नातवाच्या परवान्यावर चढली की नातवाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खांद्याचं काय होईल?" निजामाच्या काळातल्या अशा रायफली मराठवाड्यातल्या काही वाड्यांत अजून आहेत. रायफलीसोबत गावातले सल्लेही वारशात येतात. दस्ता, म्हणजे रायफलीचा खांद्याला टेकणारा भाग, सैल धर, बार होताना मागे येणारा झटका आपोआप जिरतो. कानात कापसाचा बोळा घाल. दोन-चार बार काढ, सवय होते. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. त्यातला तिसरा तर नेमबाज कायमचा बिघडवतो.

माझं मत आधीच सांगतो. लोक ज्याला झटक्याची भीती म्हणतात, ती निम्म्याहून जास्त आवाजाची भीती असते. खांद्याला बसलेला धक्का शरीर चटकन विसरतं, पण कानावरचा तडाखा विसरत नाही. म्हणून या लेखात कानाचं आधी येईल, खांद्याचं नंतर.

कायद्याचं दोन ओळींत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौशी शिकार संपली. पिकात रानडुक्कर किंवा रोही घुसला, तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यावर बार काढता येत नाही. पुढचं सगळं परवानगी असलेल्या रेंजवरच्या सरावासाठी आहे. शेताचा बांध ही गोळी अडवायची जागा नव्हे. ही गोळी काही किलोमीटर जाते आणि आपल्याकडे दर मैलावर वस्ती आहे.

आधी रायफल जाणकार आर्मररला, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याला, दाखवा. दस्त्यात तडा आहे का, स्क्रू ढिले आहेत का, हे त्याला तपासू द्या. वाड्यातल्या पेटीत सापडलेली जुनी काडतुसं वापरू नका. हे झालं असं धरून पुढे जातो.

झटका येतो किती

.३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे काडतूस १९१२ साली आलं. ३०० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला ७७० मीटरच्या आसपास वेगाने निघते. चार किलोच्या रायफलीत मागे येणारी ऊर्जा पन्नास ज्यूलच्या घरात जाते. तेवढ्याच बेताच्या वजनाच्या थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६) काडतुसाच्या रायफलीत ती साधारण निम्मी असते. आपल्या ओळखीची .३१५ त्याहूनही सौम्य. म्हणजे .३१५ चालवलेल्या माणसाने "मला सवय आहे" म्हणत थेट मॅग्नम उचलू नये.

झटक्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या उलट प्रमाणात असते. चार किलोच्या रायफलीत अर्धा किलो वाढवला, की झटका दहा टक्क्यांहून थोडा जास्त उतरतो. दस्त्याच्या पोकळीत शिशाचे छर्रे घट्ट भरून घेतले तर हे काम स्वस्तात होतं. मिरवायला सोपी जावी म्हणून जुनी रायफल हलकी करून घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी पैसे मोजून झटका वाढवून घेतला.

कान: इथे घाई करू नका

मॅग्नम रायफलीच्या बाराचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो. अशा क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेघ मानली जाते. कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि त्यावर औषध नाही. "माझ्या कानाला सवय आहे" असं सांगणाऱ्याच्या कानाला सवय झालेली नसते, त्याला कमी ऐकू येऊ लागलेलं असतं. उजव्या हाताच्या नेमबाजाचा डावा कान आधी जातो, कारण नेम धरताना तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्या कानाला डोक्याचा आडोसा मिळतो. जुन्या शिकाऱ्यांशी बोलताना ते उजवा कान पुढे करतात, हे लक्ष देऊन पाहा.

आता कापसाचा बोळा. आपला मुलुखच कापसाचा, त्यामुळे हा सल्ला इथे हमखास मिळतो. कापूस आवाज जवळपास अडवतच नाही. त्याच्या तंतूंमधून हवा खेळते, आणि जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो. वाईट हे की कापूस घातल्यावर माणसाला सुरक्षित झाल्यासारखं वाटतं आणि तो निर्धास्तपणे पाच-सात बार काढतो.

फोमचे प्लग घ्या, औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतात. पण ते घालायची पद्धत पाळली नाही तर तेही कापसासारखेच. बहुतेक जण प्लग कानाच्या तोंडाशी ठेवून बोटाने दाबतात. तो अर्धा बाहेर राहतो आणि अर्धंच काम करतो. नीट पद्धत अशी: हात स्वच्छ धुवा. प्लग दोन बोटांत फिरवत फिरवत उदबत्तीच्या काडीइतका बारीक करा, त्याला घडी किंवा सुरकुती पडू देऊ नका. मग विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची वाकडी नळी सरळ होते. प्लग लगेच आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोट ठेवून फुगू द्या. नीट बसला असेल तर समोरून पाहणाऱ्याला प्लग जवळपास दिसत नाही, आणि तुम्हाला तुमचाच आवाज डोक्याच्या आतून आल्यासारखा घुमतो. तसं वाटत नसेल तर काढा आणि पुन्हा घाला. माझ्यासोबत रेंजवर येणाऱ्याचा प्लग मी स्वतः पाहतो, आणि दिसला तर काडतूस देत नाही.

प्लगवर मफ, म्हणजे अख्खा कान झाकणारे कप, हवेतच. दोन्ही मिळून संरक्षणाची बेरीज दुप्पट होत नाही, चांगल्या एकाच्या वर पाचेक डेसिबल मिळतात. मॅग्नमला तेवढेही सोडायचे नाहीत. शिवाय मफची एक खोड आहे. गाल दस्त्याला टेकला की दस्त्याची कड उजवा मफ वर ढकलते, कानाखाली फट पडते आणि बार नेमका त्याच फटीतून घुसतो. चष्म्याची काडीही तशीच फट पाडते. उन्हात घाम आला की उशी सरकते. डोक्याला उपरणं गुंडाळून त्यावर मफ चढवणारे तर सगळंच वाया घालवतात. उपरणं गळ्यात ठेवा. मफ पातळ कपांचा घ्या, आणि खाली प्लग असला की फट पडली तरी कान वाचतो.

जागाही पाहा. पत्र्याच्या शेडखाली बसून मॅग्नम चालवू नये. पत्रा आवाज परत फेकतो, बाजूची भिंत तो आणखी वाढवते. सावलीच हवी असेल तर रायफलीचं तोंड शेडच्या बाहेर येईल असं बसा. शेजारी उभा असलेला माणूस, नोंद करणारा पोऱ्या, पाणी घेऊन आलेले काका, सगळ्यांच्या कानात प्लग हवेत.

सायलेन्सरची चौकशी करू नका. आवाज कमी करणारी जोडणी आपल्या शस्त्र नियमांत प्रतिबंधित गटात येते. आणि ती असती तरी ध्वनीपेक्षा दुप्पट वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतला कडाका तिला थांबवता आला नसता.

दचक: खरी लढाई

कान झाकले की दचक निम्मी उतरते. उरलेली निम्मी मेंदूत बसलेली असते आणि ती चिवट असते. ती घालवायला मला फार वेळ लागला, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

दचकणाऱ्याला आपण दचकतो हे कळत नाही. बार इतका जोरात होतो की त्याच्या आधीच्या पाव सेकंदात काय घडलं ते झाकलं जातं. डोळे मिटतात, उजवा खांदा पुढे झेपावतो, बोट ट्रिगर हासडतं, नळी खाली जाते. गोळी खाली लागली की माणूस स्कोपला, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीला, दोष देतो आणि स्कोपचे स्क्रू फिरवत बसतो.

हे पकडायचा एकच खात्रीचा उपाय आहे. दोन-तीन डमी, म्हणजे बार न होणारी, काडतुसं आणा आणि एक जाणता माणूस सोबत घ्या. रायफल त्याने भरायची, तुमच्या पाठीमागे, तुम्हाला न दाखवता. कधी खरं काडतूस, कधी डमी. तुम्ही नेम धरा आणि ट्रिगर दाबा. डमी निघाली की बार होत नाही आणि झाकलेलं सगळं उघडं पडतं. नळीचं तोंड चार बोटं खाली गोता खातं. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा चेहरा उतरतो. उतरू द्या, इथूनच सुधारणा सुरू होते.

डमीवर नळी हलली तर पुढचं खरं काडतूस नाही. आधी दहा कोरे दाब, म्हणजे खऱ्या काडतुसाशिवाय ट्रिगर दाबणं, नळी जराही न हलता. नळीच्या टोकाजवळ एक रुपयाचं नाणं ठेवता आलं तर ठेवा, ते पडता कामा नये. ट्रिगर ओढायचा नसतो. बोटाच्या पेराने तो सावकाश, एकसारखा दाबत न्यायचा, बार नेमका कधी होईल हे स्वतःला न सांगता. वेळ आधी ठरवलीत तर शरीर त्या वेळेची तयारी करतं, आणि ती तयारीच दचक असते. मग पुन्हा मिसळलेली काडतुसं.

हा सराव घरीही होतो आणि खरं तर तिथेच जास्त व्हायला हवा. मॅग्नमची काडतुसं महाग असतात आणि परवान्यावरच्या मर्यादेतच मिळतात, पण कोऱ्या दाबाला मर्यादा नाही. चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, डमी घाला, नळीचं तोंड पक्क्या भिंतीकडे, आणि रोज संध्याकाळी थोडा वेळ. तरण्या पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना रेंजवर नेऊन धडाधड दहा बार काढू देणारे मामा-काका मला मुळीच पटत नाहीत. दहा बारांत पोरगा दहा वेळा दचकायला शिकतो, आणि ते शिकलेलं पुसायला पुढे वर्ष जातं. जमत असेल तर आधी .२२, मग .३१५ किंवा थर्टी-ऑट-सिक्स, आणि मॅग्नम शेवटी.

खांदा आणि पवित्रा

पहिले बार उभ्याने काढा. उभं शरीर कमरेतून मागे झुलतं आणि झटका वाटून घेतं. टेबलावर ओणवं बसलं किंवा पालथं झोपलं की शरीराला मागे जायला जागा नसते, सगळा मार गळ्याच्या हाडावर येतो. टेबल घ्यायचंच असेल तर उंच घ्या, पाठ ताठ राहू द्या, पुढच्या हाताखाली वाळूचं पोतं ठेवा.

डावा पाय पुढे, वजन पुढच्या पायावर, छाती किंचित पुढे झुकलेली. दस्ता गळ्याचं हाड आणि खांद्याचा सांधा यांच्यामधल्या खळग्यात बसतो. हात वर करून तो खळगा आधी बोटाने चाचपा. दंडावर दस्ता बसला की दुसऱ्या दिवशी दंड काळानिळा. "सैल धर" या सल्ल्याचं उत्तर इथेच आहे: दस्ता आणि खांदा यांत बोटभर फट राहिली तर रायफल त्या फटीत वेग घेते आणि मग येऊन आदळते. दोन्ही हातांनी ती खांद्यात घट्ट ओढून घ्या, म्हणजे ती आदळत नाही, ढकलते. गाल दस्त्याला पक्का चिकटलेला हवा. मधलं बोट ट्रिगर गार्डच्या मागच्या कडेला टेकू देऊ नका, ती कड बोट सोलून काढते.

दस्त्यामागचं जुनं रबर नखाने दाबून पाहा. नख रुतत नसेल तर ते आता लाकूडच आहे, बदला. रायफल जुनी आणि मोलाची असेल तर दस्ता न कापता वरून चढवायचं पॅड घ्या. स्कोप डोळ्यापासून निदान नऊ सेंटिमीटर हवा, नाहीतर भुवई फुटते. रायफल जखडून वर शिशाची वजनं ठेवायची चौकट मिळते, ती जुन्या लाकडी दस्त्याला लावू नका. झटका खांद्याऐवजी लाकूड घेतं आणि दस्ता त्याच्या बारीक मानेपाशी चिरतो.

मझल ब्रेक

नळीच्या तोंडाला छिद्रांचा मझल ब्रेक बसवला की वायू बाजूला आणि मागे वळतो. झटका तीस-चाळीस टक्के, कधी त्याहूनही जास्त उतरतो. पण तोच वायू आवाज तुमच्याकडे आणि शेजाऱ्याकडे फेकतो. ज्याची दचक आवाजामुळे आहे, त्याला ब्रेक लावून देणं म्हणजे आगीत तेल ओतणं. माझ्या मते वजन, पॅड, पवित्रा आणि दुहेरी कानझाकणी हे सगळं करूनही खांदा सोसत नसेल, तरच ब्रेकचा विचार करावा. जुन्या इंग्रजी रायफलीच्या नळीवर तर आटे पाडूच नयेत.

एका बैठकीत मॅग्नमचे पाच-सहा बार पुरे. त्यानंतर खांदा दुखला नाही तरी मन थकतं आणि दचक मागच्या दाराने परत येते. रेंजवरून निघाल्यावर कानात शिटी वाजत असेल, किंवा गाडीत शेजाऱ्याचं बोलणं दबल्यासारखं ऐकू येत असेल, तर संरक्षण कुठेतरी कमी पडलं. पुढचा बार काढण्याआधी ते शोधा. शिटी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही तर थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. कानात गरम तेल घालू नका, वाट पाहू नका.