रिसर्च ग्रुपसाठी वागणुकीचे नियम लिहायचेत? मग तक्रारीपासून सुरुवात करा

एखादी लॅब असो, चार-पाच संस्थांनी मिळून चालवलेलं प्रोजेक्ट असो नाहीतर दरवर्षी भरणारी कॉन्फरन्स, वागणुकीचे नियम करायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी काय होतं, तर कोणीतरी दुसऱ्या ग्रुपची आचारसंहिता उचलतं, नावं बदलतं, पीडीएफ करतं आणि सगळ्यांना पाठवून देतं. सगळे 'छान' म्हणतात. मग कधीतरी खरंच काहीतरी घडतं आणि ती पीडीएफ उघडून बघावी तर आत 'सर्व सदस्यांनी परस्परांशी आदराने वागावे' एवढंच, कोणाकडे जायचं आणि गेल्यावर पुढे काय होणार याचा पत्ताच नाही.

म्हणून माझं म्हणणं, हे काम उलट्या बाजूने करा. आधी ठरवा की उद्या सकाळी तक्रार आली तर ती घेणार कोण, निर्णय देणार कोण, आणि तक्रार ग्रुपमधल्या सगळ्यात मोठ्या माणसाबद्दल असेल तर काय करायचं. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बाकीचे नियम एका दुपारी लिहून होतात. ती मिळत नसतील तर नियमांची भाषा घोटत बसण्यात काही अर्थ नाही.

रिसर्चमध्ये हे इतकं अवघड का जातं तेही बघा. साध्या नोकरीत साहेबाशी पटलं नाही तर माणूस दुसरी नोकरी बघतो. इथे फेलोशिप गाइडच्या, म्हणजे पीएचडीला मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकाच्या, सहीवर, थीसिस कधी जमा होणार ते त्याच्या मर्जीवर, पेपरवर नाव कितवं ते त्याच्या हातात, आणि पुढे कुठे अर्ज करायचा तर शिफारसपत्र पण त्याचंच. त्यात विषय इतके छोटे असतात की आज ज्याच्याबद्दल तक्रार केली तोच उद्या पेपर छापायच्या आधी तपासणारा रिव्ह्यूअर, परवा नोकरीच्या इंटरव्ह्यूला समोर. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? त्यामुळे 'आमच्याकडे कधी तक्रारच आली नाही' हे वाक्य कोणी अभिमानाने सांगितलं की मला जास्तच शंका येते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१८ मध्ये विज्ञान, इंजिनीअरिंग आणि मेडिसिनमधल्या स्त्रियांच्या लैंगिक छळावर एक मोठा अहवाल काढला. त्यातल्या दोन गोष्टी नियम लिहिणाऱ्याने डोक्यात ठेवाव्यात. एक म्हणजे सगळ्यात जास्त आढळतो तो छळ म्हणजे बाई म्हणून कमी लेखणं, टोमणे मारणं, तुझं इथे काय काम असं जाणवून देणं. उघड मागणी वगैरे प्रकार त्या मानाने कमी. दुसरी गोष्ट, छळ होईल की नाही हे सगळ्यात जास्त तिथल्या वातावरणावरून कळतं. वातावरण म्हणजे काय, तर लोकांना असं वाटतं का की तक्रार गांभीर्याने घेतली जाईल, तक्रार करणाऱ्यालाच भोगावं लागणार नाही आणि दोषी माणसावर खरंच कारवाई होईल. म्हणजे फिरून गाडी तिथेच येते.

तक्रार घेणारी माणसं

एकच माणूस नको. किमान दोघं, आणि दोघं वेगवेगळ्या पायरीवरची, म्हणजे एखादी पोस्टडॉक (पीएचडी झाल्यावर काही वर्षांसाठी संशोधन करणारी) आणि एखादे सीनियर, शिवाय तिसरं नाव ग्रुपच्या बाहेरचं, दुसऱ्या विभागातलं चालेल. बाहेरच्या नावाला लोक 'कशाला उगाच' म्हणतात पण प्रमुखाबद्दल तक्रार आली की तेच एक दार उघडं राहतं. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हे मांजर समोर आल्यावर ठरवायचं नसतं, ते आधी लिहून ठेवायचं, नावासकट. आणि हितसंबंधाचं कलम हवंच: ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याचा सहलेखक, गाइड, विद्यार्थी, नातेवाईक, त्याच ग्रँटवर असलेला माणूस, यांच्यापैकी कोणी त्या प्रकरणात बसणार नाही. छोट्या विषयात असा कोरा माणूस शोधता शोधता दमछाक होते हे खरंय, म्हणून तर आधी शोधून ठेवायचा.

तक्रार घ्यायची कशी हेही कोणी शिकवत नाही. समजा एक पीएचडीची विद्यार्थिनी येऊन सांगते की ग्रुप मीटिंगमध्ये सीनियर तिचं बोलणं दर वेळी तोडतात आणि नंतर तीच आयडिया स्वतःची म्हणून मांडतात. इथे 'अगं ते तसेच आहेत, मनावर घेऊ नकोस' हे वाक्य तोंडातून गेलं की संपलं, ती परत येणार नाही आणि तिच्या ओळखीचंही कोणी येणार नाही. आधी पूर्ण ऐकून घ्या. कधी, कुठे, साधारण काय शब्द होते, अजून कोण हजर होतं, हे तिच्याच शब्दांत लिहा आणि तिला वाचून दाखवा. मग विचारा, तुला काय व्हायला हवंय? बऱ्याचदा उत्तर अगदी छोटं असतं, 'मीटिंगचे मिनिट्स ठेवा आणि कोणी काय सुचवलं ते त्यात येऊ दे' इतकंच. त्याच संध्याकाळी त्या सीनियरना 'तुमच्याबद्दल असं कळलं' म्हणून मेल टाकायचा नाही, तिला विचारल्याशिवाय काहीच पुढे न्यायचं नाही. याला अपवाद म्हणजे कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा संस्थेच्या नियमाने कळवणं बंधनकारक असेल, आणि हा अपवाद आहे हे तिला सुरुवातीलाच सांगायचं, सगळं बोलून झाल्यावर नाही.

गुप्ततेबद्दल खोटं वचन देऊ नका. सहा जणांच्या लॅबमध्ये 'कोणीतरी असं म्हटलंय' म्हटलं तरी कोण ते सगळ्यांना कळतंच. त्यापेक्षा सरळ सांगा की ही माहिती अमुक दोघांकडे जाईल, कागद अमुक ठिकाणी राहील, तुझं नाव तुझ्या परवानगीशिवाय समोरच्याला सांगणार नाही पण तो अंदाज बांधू शकतो. मुदतपण घाला. तक्रार पोचल्याचं उत्तर दोन दिवसांत, पुढे काय करणार ते दोन आठवड्यांत. काहीच झालेलं नसलं तरी 'अजून चाललंय' एवढं कळवायचं, कारण वाट बघणाऱ्या माणसाला शांतता म्हणजे प्रकरण दाबलं असंच वाटतं.

आणि हो, लैंगिक छळ, मारहाण, धमकी हे ग्रुपने आपापसात मिटवायचं प्रकरण नाही. त्यासाठी संस्थेची अधिकृत समिती असते, कायदा असतो, तिकडेच जायचं, आणि तुमच्या नियमात त्या समितीचा पत्ता ठळक अक्षरात हवा. ग्रुपने स्वतःचं कोर्ट भरवलं तर पुरावे बिघडतात आणि दोन्ही बाजूंवर अन्याय होतो. तुमचे नियम बाकीच्या सगळ्यासाठी, आणि ते बाकीचं पुष्कळ असतं.

नियम मोडल्यावर काय

पायऱ्या लिहा. सॉफ्टवेअरच्या जगात 'कॉन्ट्रिब्यूटर कोव्हेनंट' नावाची आचारसंहिता २०१४ पासून आहे, तिच्या २०२० मधल्या दुसऱ्या आवृत्तीत चार पायऱ्या दिल्या आहेत, आधी खासगीत समज, मग इशारा, मग काही काळ बंदी, शेवटी कायमची बंदी. सांगाडा चांगला आहे पण जशीच्या तशी उचलू नका, कारण सॉफ्टवेअर प्रोजेक्टमधून माणूस काढला तर त्याचं शिक्षण थांबत नाही. रिसर्चमध्ये मधल्या पायऱ्या वेगळ्या लागतात: सहा महिने सेमिनारचं अध्यक्षपद नाही, नवीन विद्यार्थी घ्यायचे नाहीत, अमुक विद्यार्थ्याचा गाइड बदलायचा, रिव्ह्यू पॅनेलवरून नाव काढायचं. गाइड बदलताना विद्यार्थ्याचा डेटा, मशीनची वेळ आणि फेलोशिप त्याच्यासोबत जाईल हे लिहिलेलं हवं, नाहीतर तक्रार केल्याची शिक्षा त्यालाच, दोन वर्षांचं काम पाण्यात.

एक गोष्ट मात्र शिक्षेच्या यादीत घालू नका, ती म्हणजे पेपरवरून नाव काढणं. पेपरवरचं नाव हा केलेल्या कामाचा हिशेब आहे, चांगल्या वागणुकीचं सर्टिफिकेट नाही. वाईट वागला म्हणून नाव काढलं की उद्या गप्प बसला म्हणून नाव घालायलाही वाट मोकळी होते.

तक्रार केली म्हणून कोणाला त्रास दिला, शिफारसपत्र अडवलं, मीटिंगला बोलावणं बंद केलं, तर तो मूळ प्रकरणापेक्षा वेगळा आणि स्वतंत्र गुन्हा धरायचा, मूळ तक्रार सिद्ध झाली नाही तरीसुद्धा. हे कलम लोक विसरतात.

'हे सगळं एचआरचं काम, विज्ञानाशी काय संबंध' असं म्हणणारे भेटतीलच. त्यांना सांगा की अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूविज्ञानातल्या शास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्येच छळ, दादागिरी आणि भेदभाव यांना वैज्ञानिक गैरवर्तन म्हणून आपल्या नीतिनियमात घातलंय, म्हणजे खोटा डेटा बनवणाऱ्याच्याच रांगेत. संशोधनाला निधी देणाऱ्या ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने २०१८ मध्ये असे नियम आणले की दादागिरी किंवा छळ सिद्ध झाला तर पुढच्या निधीवर गदा येऊ शकते. निधीचं नाव काढलं की भलेभले लक्ष देऊन ऐकतात, हा माझा थोडा वाकडा पण उपयोगी सल्ला.

आता नियम

'आदर ठेवा' असं लिहून उपयोग नाही, प्रसंग लिहा. भांडणं कुठे होतात ते शोधायचं असेल तर ज्युनियर लोकांना नाव न घालता लिहायला सांगा, यादी आपोआप तयार होते आणि ती तुम्ही मनात धरली होती त्यापेक्षा वेगळीच निघते.

पहिला नंबर जवळपास नेहमी ऑथरशिपचा, म्हणजे पेपरवर लेखक म्हणून कोणाचं नाव येणार याचा. तोंडी 'बघू नंतर' चालणार नाही. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांच्या समितीचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा दुरुस्तीत सहभाग, शेवटच्या मसुद्याला संमती, आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही हवेत. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव, यंत्र त्यांचं आहे म्हणून नाव, हे त्यात बसत नाही. कोणी काय केलं याच्यासाठी 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची यादी आहे, डेटा गोळा करणं, सॉफ्टवेअर, निधी मिळवणं असं सगळं सुटं सुटं, ती प्रोजेक्ट सुरू होतानाच भरा आणि काम बदललं की पुन्हा भरा. सुरुवातीला दहा मिनिटं अवघडल्यासारखं होतं, पण भिडेखातर गप्प राहून शेवटी तोंड न बघण्यापर्यंत जातं त्यापेक्षा बरं.

मग सेमिनार. तिसऱ्या स्लाइडवरच कोणीतरी हात वर न करता म्हणतं, 'हे तर आम्ही कधीच करून सोडून दिलंय', आणि पोरगं पुढची वीस मिनिटं स्क्रीनकडे बघून बोलतं. नियम साधा ठेवा: समजलं नाही म्हणून विचारायचा प्रश्न मध्ये चालेल, मत शेवटी. पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा. अध्यक्षाने थांबवायचं, आणि थांबवायचं वाक्य पण ठरवून द्या, 'सर, हे शेवटी घेऊ', कारण ऐनवेळी शब्द सुचत नाहीत आणि समोर ज्येष्ठ असतात. न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटरमध्ये प्रोग्रॅमर लोकांसाठी एक नियम आहे, खोटं आश्चर्य दाखवायचं नाही, म्हणजे 'अरे, तुला एवढंपण माहीत नाही?' हे बंद. लॅबला तो जसाच्या तसा लागू पडतो.

पण इथे जपून. आदर म्हणजे गोड बोलणं नव्हे, आणि टीका नसेल तर विज्ञान कसलं. 'लेखकांना विषयाची जाण नाही' हा रिव्ह्यू नियमात बसत नाही, 'दुसऱ्या तक्त्यात कंट्रोल ग्रुप कुठून आला ते लिहिलेलं नाही, त्यामुळे निष्कर्ष मान्य करता येत नाही' हा बसतो, खरंतर हा दुसरा जास्त कडक आहे. उलट बाजूपण बघा, सीनियर मंडळी कधीकधी याच नियमांचं कुंपण करतात, विद्यार्थ्याने आकडेमोडीतली चूक दाखवली की 'बोलण्याची पद्धत बरोबर नव्हती' अशी तक्रार. म्हणून स्पष्ट लिहा की कामातली चूक दाखवणं हा अनादर नाही, मग ती कोणाचीही असो आणि कोणीही दाखवलेली असो.

फील्डवर्कला वेगळं पान द्या. २०१४ मध्ये फील्डवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचा एक सर्व्हे छापून आला होता, ६६६ जणांनी उत्तरं दिली आणि त्यातल्या ६४ टक्के लोकांनी लैंगिक छळाचा अनुभव असल्याचं सांगितलं. ज्यांनी स्वतःहून भरला त्यांचाच तो सर्व्हे, सगळ्यांचं प्रमाण म्हणून तो आकडा फेकू नये, पण छळ झालेल्यांपैकी फार थोड्यांना तक्रार कुठे करायची हे माहीत होतं, तो मुद्दा उरतोच. राहायला एकच जागा, गाडी एकाचीच, फोनला रेंज नाही, आणि जो त्रास देतोय त्याच्याच हातात परतीचं तिकीट. त्यामुळे निघण्याआधी ठरवा: झोपायची सोय काय, कॅम्पवर नसलेला संपर्काचा माणूस कोण, फोन कोणाकोणाला हातात मिळणार, आणि मधेच परत यायचं झालं तर कारण न विचारता खर्च कोण देणार.

रात्रीचे मेसेज, सुट्टी, दुसऱ्याच्या स्लाइडचा फोटो काढून पाठवणं, हे दोन-तीन ओळींत उरकलं तरी चालतं.

मसुदा झाला की चार कल्पित प्रकरणं घेऊन त्यावर चालवून बघा, एक छोटं, एक मोठं, एक जिथे दोघांचंही थोडं चुकलंय, आणि एक थेट प्रमुखाबद्दल. चौथ्याला बहुतेक मसुदे अडकतात. प्रमुख जर म्हणाले की बाकी सगळं मान्य पण हे बाहेरच्या माणसाचं कलम काढा, तर आधी एकदा नीट बोलून बघा, कारण बऱ्याचदा भीती खोट्या तक्रारीची असते आणि चौकशीत त्यांनाही बाजू मांडायची संधी लिहून दिली की ती कमी होते. तरी नाहीच ऐकलं तर कलम गुपचूप गाळू नका. त्या जागी लिहा की ग्रुपप्रमुखाबद्दलची तक्रार या समितीकडे घेतली जात नाही, ती थेट संस्थेच्या अमुक कार्यालयात द्यावी, खाली तिथला फोन नंबर टाका, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात ती ओळ दाखवा.