फाइलसिस्टिमचा बगफिक्स तपासताय? या चुका टाळा

९ डिसेंबर २०२३ ला डेबियन या लिनक्स वितरणाची १२.३ ही आवृत्ती ऐनवेळी थांबवावी लागली. त्यातल्या ६.१.६४ कर्नलवर (लिनक्सचा गाभा) ईएक्सटी४ या फाइलसिस्टिममधला डेटा खराब होत होता. आणि तो खराब करत होता एक बगफिक्स, जो मेनलाइनमध्ये (कर्नलच्या मुख्य शाखेत) अगदी बरोबर चालत होता.

मूळ बग खराच होता. ओ-सिंक (डेटा डिस्कवर पक्का झाल्यावरच राइट पूर्ण मानणारा पर्याय) लावून डायरेक्ट आयओने (कर्नलची कॅशे टाळून थेट डिस्कवर) फाइलच्या शेवटी लिहिलं, की कर्नल आधी डेटा सिंक करायचा आणि फाइलची वाढलेली लांबी मागाहून नोंदवायचा. नेमकी तेव्हा वीज गेली तर फाइल आखूड. फिक्सने ही नोंद राइट झाल्यावर, पण सिंकच्या आधी चालणाऱ्या एंड-आयओ फंक्शनमध्ये हलवली.

नुसता डिफ वाचू नका

या हलवाहलवीत एंड-आयओ यशस्वी झाल्यावर शून्याऐवजी लिहिलेल्या बाइट्सची संख्या परत देऊ लागलं. डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) ही एक निरुपद्रवी रिटर्नची ओळ दिसते. पण हे फंक्शन बोलावतं कोण? आयोमॅप, म्हणजे फाइलसिस्टिमसाठीचा कर्नलमधला सामायिक आयओ कोड. तिथला ६.१ मधला कोड म्हणायचा: शून्य आलं तरच फाइलमधली पोझिशन पुढे सरकवा. आता आले ४०९६, म्हणून पोझिशन जागच्या जागी, आणि पुढचं राइट थेट आधीच्या डेटावर. एरर कुठेच नाही. राइट कॉल इमानेइतबारे ४०९६ परत देतो, प्रोग्रॅमही खूश.

रिटर्न व्हॅल्यूचा अर्थ बदलणारा पॅच हातात आला की प्रत्येक कॉलर (ते फंक्शन बोलावणारा कोड) उघडायचा आणि आलेल्या व्हॅल्यूचं तिथे काय होतं ते ओळीने वाचायचं. कंटाळवाणं काम आहे, पण हा बग सापडण्याची जागा तीच होती.

‘पॅच विनातक्रार लागला’ यावर विसंबू नका

मेनलाइनमध्ये आयोमॅपचा तो भाग आधीच बदलला होता: व्हॅल्यू शून्याहून मोठी असली की पोझिशन सरकते. ते कमिट (नोंदवलेला बदल) साफसफाईच्या मालिकेतलं, बगफिक्स म्हणून आलेलंच नव्हतं. मग ते ६.१ मध्ये न्यायचं कोणाला सुचणार? फिक्स मात्र एकटाच मागे, ६.१ मध्ये गेला. गिटला (कोडमधले बदल सांभाळणारं साधन) ओळी जुळतात का एवढंच कळतं. बॅकपोर्ट (जुन्या शाखेत नेलेला बदल) तपासताना कॉलर ज्या फाइलमध्ये आहे तिचा जुन्या शाखेपासून मेनलाइनपर्यंतचा लॉग चाळा. माझ्या मते यातली ही सर्वांत दुर्लक्षित पायरी.

फक्त मूळ बगची चाचणी घेऊ नका

वीज घालवून पाहिली असती तर फिक्स पास झाला असता. तुटलं होतं ते साधं, एकापाठोपाठ एक केलेलं राइट. लिनक्स टेस्ट प्रोजेक्टची प्रीडव्ही०३ ही चाचणी त्यावर पडत होती. घरच्या घरी पाहायचं तर डायरेक्ट मोडमध्ये डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने वेगवेगळ्या मजकुराचे चार ब्लॉक लिहा आणि परत वाचून जुळवा.

तुमच्या मशीनवर हा कर्नल चालला होता का?

सदोष आवृत्त्या ६.१.६४ आणि ६.१.६५. राहिलेलं आयोमॅपचं कमिट ६.१.६६ मध्ये आलं आणि १० डिसेंबरला डेबियन १२.४ निघालं. डेबियनवर ‘युनेम -आर’ ही कमांड नुसतं ६.१.०-१४ दाखवते, खरी आवृत्ती ‘युनेम -व्ही’ मध्ये असते. बफर्ड (कॅशेमधून होणारं) राइट आणि स्वतः ऑफसेट देणारं पी-राइट यांना धक्का नव्हता. फाइलसिस्टिम तपासणाऱ्या एफएससीकेकडून आशा ठेवू नका: त्याला रचना धडधाकट दिसते, चुकीच्या जागी पडलेले बाइट्स दिसत नाहीत. त्या दिवसांत डायरेक्ट आयओने लिहिलेल्या फाइली बॅकअपशी किंवा चेकसमशी ताडून पाहाव्या लागतात.