नायट्रो गाडीचं मिक्श्चर सेट करताय? या चुका टाळा

मागच्या रविवारी सकाळी इंदूरच्या चिमणबागच्या मैदानावर एक कॉलेजातला पोरगा रिमोटवर चालणारी, नायट्रो फ्यूएलची छोटी गाडी घेऊन आला, म्हणाला, "काका जरा बघा ना, स्टार्ट होते, दोन चक्कर मारते आणि सारखी बंद पडून राहिली." मी इंजिनच्या हेडवर पाण्याचा एक थेंब सोडला तर छन्न करून त्याच क्षणी उडाला, म्हणजे इंजिन फारच तापलेलं. फुल थ्रॉटलला धूर बघितला, तर धूर नाहीच. विचारलं तर कळलं की दोन दिवसांत त्याने हाय स्पीड निडल (फुल थ्रॉटलला किती फ्यूएल जाईल ते ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू) थोडी थोडी करत अर्धा फेरा आत घातली होती, कारण दर वेळी गाडी आधीपेक्षा जोरात पळायची आणि आवाजही मस्त यायचा.

हीच सगळ्यात मोठी चूक, आणि बहुतेक सगळे हीच करतात. या इंजिनात स्कूटरसारखं वेगळं ऑइल नसतं, मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनबरोबर जे ऑइल फ्यूएलमध्येच मिसळलेलं असतं तेवढंच पिस्टनला मिळतं. निडल आत म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवली की फ्यूएल कमी, म्हणजे हवा आणि फ्यूएलचं मिक्श्चर लीन, आणि त्याबरोबर ऑइलही कमी. गाडी पळते खरी, पण आत पिस्टन कोरडा घासत असतो. माझं पहिलं ३.५ सीसीचं इंजिन मी असंच घालवलं. नवीन असताना पुल स्टार्टची दोरी ओढली की पिस्टन वर जाऊन घट्ट अडायचा, आणि एका संध्याकाळीनंतर दोरी लोण्यातून सुरी जावी तशी यायला लागली. खोलून बघितलं तर पिस्टनवर उभ्या रेघा. पिस्टन आणि स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) बदलण्याशिवाय इलाज नव्हता, फार वाईट वाटलं होतं. म्हणून सांगतो, फुल थ्रॉटलला मागे निळसर पांढऱ्या धुराची रेघ दिसलीच पाहिजे, ती दिसत नसेल तर गाडी कितीही छान पळो, थांबवा आणि निडल बाहेर काढा.

दुसरी चूक म्हणजे काहीही बिघडलं की आधी निडलला हात लावायचा. काल गाडी नीट होती आणि आज नाही, तर निडल आपोआप फिरली का? आधी ग्लो प्लग, म्हणजे तापलेल्या तारेने फ्यूएल पेटवणारा प्लग, काढून बघा. तार चकचकीत आणि ओलसर हवी, पांढरट किंवा वाकडी झाली असेल तर लीन चाललंय, प्लग बदला. मग फ्यूएल ट्यूब, सायलेन्सरहून टँककडे जाणारी प्रेशर ट्यूब, एअर फिल्टर, टँकचं झाकण. ट्यूबला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी हवा आत जाते आणि मग तुम्ही दिवसभर निडल फिरवत बसलात तरी सेटिंग टिकत नाही. ट्यूब काढून एक टोक बोटाने दाबा, दुसऱ्या टोकातून सिरिंजने हवा भरा आणि पाण्यात धरा, बुडबुडे आले की चोर सापडला. तोंडाने फुंकू नका, मिथेनॉल विषारी आहे. महिनोन्महिने अर्धवट उघड्या डब्यात राहिलेलं फ्यूएलही वापरू नका, मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं.

आणि पेट्रोल तर अजिबात नको, ग्लो प्लग तापत राहतो तो मिथेनॉलमुळेच.

थंड इंजिनवर ट्यूनिंग करू नका. आधी पाचेक मिनिटं गाडी फिरवा, मग हाय स्पीड निडल, ती जमली की लो स्पीड निडल (कमी थ्रॉटलला जाणारं फ्यूएल ठरवणारी), आणि थ्रॉटल सोडल्यावर इंजिन किती वेगाने चालत राहील ते ठरवणारा आयडल स्क्रू सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, गाडी बंद पडते म्हणून आयडल वाढवतात आणि त्याखाली लो स्पीडची गडबड लपून जाते. लो स्पीड बघायची सोपी पद्धत अशी, गरम इंजिन आयडलवर असताना कार्बजवळ फ्यूएल ट्यूब चिमटीत दाबा. आवाज किंचित वाढून दोन-तीन सेकंदांत बंद पडलं तर ठीक, लगेच बंद पडलं तर लीन, खूप वेळ चालत राहिलं आणि आवाज बराच चढला तर रिच, म्हणजे फ्यूएल जास्त. थ्रॉटल सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता वरच लटकून राहत असेल तर तेही लीनचंच लक्षण, किंवा कुठून तरी हवा शिरतेय.

एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही, आणि दर वेळी एक-दोन चक्कर मारून मगच पुढचं. सुरुवातीलाच निडल हलक्या हाताने पूर्ण बंद करून किती फेरे होते ते मोजून लिहून ठेवा, जोर लावून घट्ट करू नका, निडलचं टोक खराब होतं.

आता इंदूरची गोष्ट. आपण साधारण ५५० मीटर उंचीवर आहोत, त्यामुळे मुंबईहून सेट करून आणलेली गाडी इथे थोडी रिच वाटते. मे महिन्यात ४२ डिग्रीत हवा विरळ होते, मिक्श्चर आपोआप रिचकडे जातं. जानेवारीत सकाळी ८-१० डिग्रीत हवा दाट, म्हणजे तीच सेटिंग लीन. लोकांना वाटतं थंडीत इंजिन थंड राहील, काळजी नाही, आणि नेमकं तेव्हाच इंजिन जातं. थंडीत पहिली टँक निडल थोडी बाहेर काढूनच चालवा. टेम्परेचर गन असेल तर हेडवर साधारण १०० ते १२५ डिग्री चालतं, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, धूर आणि आवाज आधी बघा.

त्या पोराची निडल आम्ही अर्धा फेरा परत बाहेर काढली, प्लग बदलला, धुराची रेघ आली आणि गाडी तीन टँक न थांबता चालली. जाताना त्याला एवढंच दाखवलं की घरी नेण्याआधी टँक रिकामी करून उरलेलं फ्यूएल जळू द्यायचं, मग आफ्टर रन ऑइलचे (गाडी चालवून झाल्यावर इंजिनात टाकायच्या ऑइलचे) चार थेंब टाकून दोरी आठ-दहा वेळा ओढायची, आणि इंजिन गरम असतानाच फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणून ठेवायचा, नाहीतर थंड होताना स्लीव्ह त्याच्याभोवती आवळते. पिस्टन खाली असताना फ्लायव्हीलवर मार्करने एक खूण करून दिली त्याला.